देवगिरीच्या दारातलं तळं

देवगिरी म्हटलं की शाळेच्या पुस्तकात यादवांचं वैभव येतं. मग 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी. मग 1327 ला महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी उचलून इथं आणली, दौलताबाद नाव ठेवलं. पुढं बहामनी, निजामशाही, 1633 ला मोगल, नंतर हैदराबादचा निजाम. मालक बदलत गेले. डोंगराचा कडा तासून उभ्या भिंतीसारखा केलाय, खाली खंदक खोदलाय. तो तासणाऱ्यांचं नाव एकाही मालकानं लिहून ठेवलं नाय.

रामदेवराव यादवाच्या पदरी हेमाद्रीपंत होता. त्यानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा जाडजूड ग्रंथ रचला. त्यात व्रतं, दानं, श्राद्धं, कुणी कधी काय करायचं आणि बामणाला काय द्यायचं. त्याच काळात मंगळवेढ्याला चोखोबा होता. 1338 साली गावकुसाच्या कामावर राबताना कूस अंगावर कोसळून तो गेला, असं परंपरा सांगते. यादवांचं राज्य तोवर संपलं होतं. चोखोबाच्या डोक्यावरचा दगड तोच होता.

आता 1934 सालाकडे या, दोस्तहो. महाडच्या तळ्याला सात वर्षं झालेली. बाबासाहेब चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले, वाटेत हा किल्ला. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेलं लहान तळं. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले, काहींनी हातपाय-तोंड धुतलं. दारात परवानगी विचारतायत तोवर मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, ढेडांनी तळं बाटवलं म्हणून. जमाव जमला, शिव्या सुरू. बाबासाहेबांनी रागानं त्यांना विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? तेव्हा कुठं ते गप झाले. आत सोडलं, पण अट घालून, की कुठंच पाण्याला हात लावायचा नाय. आणि नजर ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई!

घाटकोपरहून आम्ही पोरं गेलो तेव्हा खिडकीवर तिकीट काढून आत शिरलो. किल्ला आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. तोफा ओळीनं मांडून ठेवल्यात, बघायच्या. चिनी महाल दाखवतात, जिथं गोवळकोंड्याचा तानाशहा कैदेत होता. वर चढताना काळोखा भुयारी मार्ग आहे, त्याला अंधेरी म्हणतात. आमच्यातला एक अंधेरीलाच राहतो, त्याची खूप टर उडवली. गाईड तासभर बोलला. बाबासाहेबांच्या तळ्याचं विचारलं तर म्हणाला, ते आमच्या माहितीत नाय.

काही लोक हा प्रसंग फक्त मुसलमानांना शिव्या द्यायला काढतात. त्यांनी बाबासाहेबांचं ते सगळंच लिखाण वाचावं. त्यात बडोद्याच्या सराईतून त्यांना हुसकणारे पारशी आहेत, 1929 ला चाळीसगावला टांगा हाकायला नकार देणारे टांगेवाले आहेत. आणि किल्ल्यापासून जवळच, औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 1978 च्या जुलैत झाला. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. 1978 ला मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या, त्या निजामाच्या शिपायांनी नव्हे.

ते लिखाण 1990 साली लहान पुस्तक होऊन छापलं गेलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावानं. देवगिरीला जाणार असाल तर बरोबर घ्या. दारातच थांबून मोठ्यानं वाचा, गाईडलाही ऐकू जाऊ दे.