धावपट्टी राहते, विमान जातं

राजुऱ्याजवळच्या मूर्ती-विहिरगाव विमानतळाचा विषय निघाला की मला ट्रूजेट आठवते. हैदराबादची ही छोटी विमान कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. २७ एप्रिल २०१७ला 'उडान' योजनेत तिचं नांदेड-हैदराबाद विमान उडालं. पुढे जळगाव, कोल्हापूरही जोडलं. पंख्याची एटीआर विमानं, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा अडीच हजारांत. तोटा भरून द्यायला सरकारी अनुदान, पण तीनच वर्षं. त्यात कोरोना आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली.

धावपट्टी एकदा बांधली की झालं, विमान मात्र रोज भरावं लागतं. म्हणून राजुरा-जिवतीकरांनो, विमानतळ जरूर मागा; पण सोबत हेही विचारा: अनुदान संपल्यावर, चौथ्या वर्षी, इथून उडणार कोण?