आक्षेपार्ह शब्द आणि आकाशवाणीची संहिता

संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नरसी नामदेव (जि. हिंगोली) येथील एखाद्या श्रोत्याला रेडिओवरील शब्द खटकला, तर तो कोणत्या नियमावर बोट ठेवणार? हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला; जवळचे आकाशवाणी केंद्र मात्र परभणीचेच. तेथे काय बोलता येते आणि काय नाही, हे ठरविणारा लेखी नियम अस्तित्वात आहे आणि तो पाहण्याचा हक्कही नागरिकाला आहे.

आकाशवाणीची प्रसारण संहिता 1960 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. राज्यांत बिगरकाँग्रेसी सरकारे आली होती आणि मुख्यमंत्र्यांच्या भाषणांतील मजकुरावरून केंद्राशी खटके उडत होते. साहजिकच संहितेवर राजकारणाची छाप अधिक आहे. नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला, मित्रराष्ट्रांवर टीका, न्यायालयाचा अवमान, धर्म वा समाजावर आघात, हिंसेला चिथावणी यांना तीत मज्जाव आहे. भाषेविषयी म्हणावे तर ‘अश्लील किंवा बदनामीकारक काहीही नको’ एवढाच दंडक. निषिद्ध शब्दांची यादी नाही. त्यामुळे भारुडातील रांगडा शब्द चालेल की नाही, हे अखेर केंद्रातील अधिकाऱ्याच्या कानावर ठरते. मराठवाड्यात सहज बोलला जाणारा शब्द पुण्यात शिवी ठरू शकतो, ही अडचण संहितेला सुटलेली नाही. कदाचित सुटणारही नाही. म्हणूनच निर्णयामागची सूचना लोकांसमोर असणे अगत्याचे ठरते.

खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओलाही परवान्याच्या अटींनुसार आकाशवाणीचीच संहिता पाळावी लागते. दूरचित्रवाहिन्यांसाठी 1994 च्या केबल नियमांतील कार्यक्रम संहिता आहे. सुरुची व सभ्यता यांना बाधा नको आणि मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा नको, असे ती सांगते. 2021 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीची पोच वाहिनीने 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यावयाचा आहे. वाहिनीचे अंतर्गत निकष मात्र खासगी मालमत्ता. माहिती अधिकार तेथे थेट पोहोचत नाही.

प्रसार भारतीचे तसे नाही. 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णतः लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की, कर्मचारी ज्या नियम, सूचना व नियमपुस्तिकांच्या आधारे काम करतात, त्या कार्यालयाने मागणी येण्यापूर्वीच प्रसिद्ध कराव्यात. तेही स्थानिक भाषा लक्षात घेऊन. हे झाले नसेल, तर 10 रुपये शुल्क भरून मराठीत अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे लिहून घेणे, हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तरास मुदत 30 दिवसांची. त्यानंतर पहिले अपील त्याच संस्थेतील वरिष्ठाकडे आणि दुसरे दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. अर्जात ‘अमुक शब्द का वापरला’ असे विचारण्यापेक्षा ‘भाषेविषयीच्या परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिणे श्रेयस्कर, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नव्हे.

कारणे देण्याचे बंधन न्यायालयांनी वेगळ्या वाटेने घातले. भोपाळ दुर्घटनेवरील माहितीपट नाकारणाऱ्या दूरदर्शनला सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये फटकारले. सरकारी माध्यमाने नकाराची ग्राह्य कारणे दाखविलीच पाहिजेत, असे स्पष्ट केले. मुंबईचे आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटाच्या प्रसारणाचा निकालही 2006 मध्ये दूरदर्शनविरुद्ध गेला.

नियम उघड असला की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील प्रकरणानंतर, ऑगस्ट 2018 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ‘दलित’ शब्द टाळण्याविषयी खासगी वाहिन्यांना सूचना केली. हा शब्द अवमानकारक नसून स्वाभिमानाचा आहे, असे म्हणत अनेक कार्यकर्ते व लेखकांनी तिला विरोध केला. तीच सूचना एखाद्या फायलीत गुपचूप राहिली असती, तर शब्द वाहिन्यांवरून निघून गेला असता आणि ज्यांचा तो शब्द, त्यांना कारणही कळले नसते. ब्रिटनमध्ये बीबीसीची 1949 ची विनोदी कार्यक्रमांविषयीची पुस्तिका अशीच केवळ कर्मचाऱ्यांसाठी होती. आज तिचे संपादकीय निकष कोणालाही वाचता येतात.