न फिटणारे सुतक

मुंबई बेट संपून साष्टीची वाट सुरू होई, ती हद्द म्हणजे शीव. गावरीतीप्रमाणे मसणवटा शिवेलगत असायचा. प्रेत तिथवर पोचवायचे, मागे न बघता परतायचे आणि दहा-तेरा दिवसांत सुतक संपवायचे. शिवेच्या दक्षिणेला, दादर-परळ-लालबागच्या वस्तीत, सोबत्याच्या मृत्यूसाठी दुसरी रीत रुजली: शोकसभा. हे सुतक दिवस मोजून फिटत नाही. गेलेल्याचे अर्धे राहिलेले काम कुणीतरी उचलले, तरच फिटते. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले. मुंबईतला धर्मांतराचा सोहळा १६ डिसेंबरला ठरलेला होता. पण ७ तारखेला दादर चौपाटीवर, चितेसमोरच, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या संध्याकाळी रडणे आणि काम पुढे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी उरल्याच नाहीत.

या रीतीवरचा आक्षेप जुना आहे: हे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे नव्हे काय? काही सभांपुरता तो खराही आहे, पण सरसकट नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून १,६७९ मतांनी हरल्या. शोक हे हमखास भांडवल असते, तर निदान लालबाग-परळात तरी ते वटायला हवे होते. फरक थोडा होता, सहानुभूती मिळालीच, असे कुणी म्हणेल. मिळाली असेलही, पण विधवेला उमेदवारी दिली की नवऱ्याचे काम उचलले जाते, हा हिशेबच मला चुकीचा वाटतो. गिरणीच्या दारातली आणि चाळीतली रोजची बांधणी मतपेटीत मोजता येत नाही. हरली ती निवडणूक. शोकसभेच्या रीतीवर तो निकाल धरू नये.

दुसरा आक्षेप, की माणूस एकदा हुतात्मा झाला की त्याची पूजाच उरते. पूजेची ही भीती खरी आहे. तिच्यावर उतारा पुण्यात दिसतो. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी तिथल्या एका पुलावर झाला. पुढे दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले, ते आरतीसाठी नव्हे, तपासाचा जाब विचारायला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल यायला मात्र मे २०२४ उजाडले: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.