ड्रम मॅगझिन : क्षमता अधिक, भरवसा कमी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. तेथील रोल्स-रॉईस चिलखती गाडीच्या जातीच्या वाहनांवर व्हिकर्स मशीनगन असे आणि तिला गोळ्या पुरवी तो २५० गोळ्यांचा कापडी पट्टा. गोल डब्यासारखे ड्रम मॅगझिन गाजले ते प्रामुख्याने पायदळाच्या हलक्या शस्त्रांमुळे.

थॉम्पसन सबमशीनगनच्या ड्रममध्ये ५० गोळ्या मावत. मात्र त्याला घड्याळासारखी चावी द्यावी लागे, भरण्यात वेळ जाई आणि चालताना आतल्या गोळ्या खुळखुळत. रात्रीच्या गस्तीवर हा आवाज जिवावर बेतणारा! ब्रिटिश सैन्याने म्हणूनच २० व ३० गोळ्यांची सरळ मॅगझिन पसंत केली. १९४२ च्या एम-१ नमुन्यात तर ड्रम बसतच नसे. रशियन पीपीएसएच-४१ चा ७१ गोळ्यांचा ड्रम प्रसिद्ध खरा, पण त्यालाही पुढे ३५ गोळ्यांच्या मॅगझिनची जोड द्यावी लागली.

गोळ्या जितक्या अधिक, तितके स्प्रिंगचे काम अवघड. ड्रम रिकामा होत जातो तसा तिचा जोर उतरतो. आत धूळ गेली किंवा पत्र्याला पोचा पडला, तरी ऐन चकमकीत गोळी अडकते. ब्रेनगनच्या ३० गोळ्यांच्या मॅगझिनमध्येही दोन-तीन गोळ्या कमीच भरण्याची रीत होती. तिचे १०० गोळ्यांचे चपटे गोल मॅगझिन विमानविरोधी माऱ्यापुरतेच, बंदूक तिवईवर चढवून, वापरले जाई.