जिवावर बेतणारा घोट : अर्धांगवायू आणि चिनी शुश्रूषेचा इतिहास #थ्रेड

(१/६)
अर्धांगवायूच्या झटक्यातून रुग्ण वाचतो. पण पुढे पाण्याचा एक घोटही त्याच्या जिवावर बेतू शकतो. गिळण्याची क्रिया बिघडली की पाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला भरवायचे कसे, या प्रश्नाने चीनमध्ये दोन वैद्यकपरंपरांना एकाच खाटेपाशी आणले.

(२/६)
चिनी वैद्यकात या व्याधीचे नाव 'चुंगफंग', म्हणजे वाऱ्याचा तडाखा. (आपल्या 'अर्धांगवायू'तही वायूच आहे!) जड झालेली जीभ आणि गळणारी लाळ ही लक्षणे जुन्या वैद्यांनी सुमारे १८०० वर्षांपूर्वीच टिपली होती.

(३/६)
वांग छिंगरेन हा या कथेतला सर्वांत विलक्षण माणूस. १७९७ च्या साथीत उघड्यावर पडलेल्या बालकांच्या प्रेतांवरून त्याने शरीररचना अभ्यासली आणि १८३० च्या ग्रंथात परंपरेच्या चुका दाखवल्या. बुद्धीचे स्थान मेंदूत आहे, असे त्याने ठामपणे मांडले. अर्धांगवायूचे कारण मात्र त्याने मेंदूत नव्हे, तर 'ची' या प्राणशक्तीच्या क्षयात शोधले. त्यावरच्या त्याच्या काढ्यात ह्वांगछी ही मुळी चार ल्यांग पडते. आजचे वैद्य ती १२० ग्रॅम धरतात.

(४/६)
पाश्चात्त्य शुश्रूषा मिशनरी परिचारिकांबरोबर आली. एलिझाबेथ मॅकेक्नी १८८४ मध्ये शांघायला पोहोचली. पुढे १९२९ मध्ये देशी वैद्यक बंद करण्याचाच प्रस्ताव निघाला आणि वैद्यांनी शांघायमध्ये एकत्र येऊन तो हाणून पाडला. १९५० च्या दशकात वारे फिरले : पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांनाच चिनी वैद्यक शिकण्याचे आदेश निघाले. डॉक्टरांचा तुटवडा हे त्यामागचे एक रोकडे कारण.

(५/६)
१९७२ मध्ये त्येनचिनच्या शी श्वेमिन यांनी अर्धांगवायूसाठी सूचिचिकित्सेची नवी पद्धत मांडली. गिळण्याच्या त्रासासाठी त्यात मानेवर आणि कानामागे सुया टोचतात. १९८२ मध्ये जपानच्या कुबोता यांनी सोपी चाचणी दिली : रुग्णाला बसवून ३० मिलिलिटर कोमट पाणी पाजायचे, घोट मोजायचे आणि ठसका लागतो का ते पाहायचे. चिनी परिचारिकांनी ती उचलली. सुयांवरचे अनेक अभ्यास कच्चे आहेत. तरीही मोजमाप पाश्चात्त्य आणि उपचार दोन्हीकडचे, अशी घडी बसली.

(६/६)
एक पेच उरतोच. अशा रुग्णाला सर्वाधिक धोका पातळ पदार्थांचा, आणि काढा तर पाण्यासारखाच पातळ! म्हणून गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या पोटात वांग छिंगरेनचा काढा आज नाकातून घातलेल्या नळीने जातो.