छापील चित्राची पूर्वतयारी

छापील चित्र आवडलें म्हणजे आपण चित्रकाराचें नांव विचारतों. फार झालें तर छापखान्याचें नांवही शोधतों. परंतु चित्रकारानें हात थांबविल्यापासून यंत्राचें चाक फिरूं लागेपर्यंतच्या मधल्या काळांत त्या चित्राचें काय होतें, हा प्रश्न बहुधा कोणास सुचत नाहीं. आम्हांसही तो सुचला नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठीं एका विद्यार्थिनीनें संगणकावर चित्र काढलें. पावसापूर्वींचें गडद निळें आकाश हा त्या चित्राचा प्राण होता. छापून आलें तें आकाश मात्र जांभळट आणि मलूल! आम्हीं तडक छापखाना गांठला व तेथील वृद्ध फोरमनला चार कठोर शब्द ऐकविले. त्यांनीं शांतपणें एवढेंच म्हटलें, "सर, पडद्यावर तुम्ही उजेड पाहिलात; आमच्याकडे शाई असते." आमचा राग तेथेंच उतरला आणि अज्ञान मात्र उघडें पडलें. त्या अज्ञानाचें प्रायश्चित्त म्हणून आम्हीं जें वाचलें व पाहिलें, त्याचा सारांश येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळामुद्रणाची युक्ति शोधून काढली. तिचें तत्त्व प्रत्येक स्वयंपाकघरास ठाऊक आहे : तेल आणि पाणी यांचें जमत नाहीं. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, शिळेवर योग्य ते संस्कार करून ती ओली करावयाची आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई रेघांवर बसते, ओल्या भागावर बसत नाहीं. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें याच पद्धतीनें. त्यांत एक अडचण होती. शिळेवरचें अक्षर कागदावर उलटें उमटतें. म्हणून लिहिणाऱ्यास एक तर शिळेवर उलटें लिहावें लागे, नाहीं तर विशिष्ट कागदावर सुलटें लिहून तें शिळेवर दाबून उतरवावें लागे. म्हणजे जें छापावयाचें, तें छपाईच्या सोयीनें आधीं फिरवून मांडावयाचें, हा पूर्वतयारीचा पहिला धडा त्या काळींच घालून दिला गेला.

रंगीत छपाई आली तेव्हां नुसतें फिरवून भागेना. चित्र मोडून पुन्हां जोडावें लागूं लागलें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला. यंत्रें आणि तज्ज्ञ जर्मनींतून आणविले. पुढें हा छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथें गेला. तेथील लक्ष्मी आणि सरस्वती आमच्या आजोळच्या देवघरांतही होत्या. त्यांच्यापुढें हात जोडतांना, हें एक चित्र नसून एकावर एक छापलेलीं अनेक चित्रें आहेत, हें आम्हांस कोठून कळणार? प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे. देवीच्या गालावरची छटा कोणकोणत्या शिळांच्या मिलाफानें साधेल, पातळाच्या सुरकुतींत तांबडा किती व करडा किती, हें सारें कारागीर केवळ नजरेनें ठरवी आणि बारीक ठिपक्यांनीं शिळेवर उतरवी. शिळा एकमेकींशीं जुळाव्यात म्हणून खुणा करीत. त्या किंचित् चुकल्या तर ओठांचा रंग हनुवटीवर यावयाचा! रविवर्म्यांचें नांव घरोघर झालें. त्यांचे रंग सोडवून पुन्हां गुंफणाऱ्या त्या हातांचीं नांवें चित्राखालीं घालण्याची चाल मात्र नव्हती.

पुढें कॅमेऱ्यानें कारागिराच्या नजरेचें कांहीं काम आपल्याकडे घेतलें. छपाईच्या यंत्रास फिकी शाई आणि दाट शाई हा भेद कळत नाहीं. शाई उमटते किंवा उमटत नाहीं. मग छायाचित्रांतील हळुवार सावली छापावी कशी? बारीक आडव्याउभ्या रेघांच्या काचेच्या जाळींतून चित्राचें छायाचित्र घेतलें म्हणजे सावलीचे लहानमोठे ठिपके होतात, आणि डोळा त्या ठिपक्यांची पुन्हां सावली करितो. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनीं या जाळीच्या शास्त्रांत स्वतंत्र संशोधन केलें, आणि त्यांचे लेख इंग्लंडांतील मुद्रणविषयक वार्षिकांत प्रसिद्ध झाले. आमचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वीं याच धंद्यांत होते; रंगीत छपाईसाठीं ते १९०९ सालीं जर्मनीस गेले होते. सर्व रंगांच्या जाळ्या जवळजवळ एकाच कोनांत राहिल्या तर चित्रावर नको ती लहर उठते, म्हणून प्रत्येक जाळी निराळ्या कोनांत फिरवावी लागते. आजही काळ्या शाईची जाळी बहुधा ४५ अंशांत, निळीची १५ अंशांत आणि किरमिजीची ७५ अंशांत ठेवितात. आमच्या तरुणपणीं हें ज्ञान ब्लॉक करणाऱ्याच्या बोटांत वसत असे. संपादकानें चित्र त्याच्या हवालीं केलें कीं त्याची चिंता मिटे.

१९८४ मध्यें पोस्टस्क्रिप्ट ही पानाचें वर्णन करणारी संगणकभाषा आली, आणि १९९३ मध्यें पीडीएफ आली. मजकूर, चित्र आणि रंग एका फाइलींत बसूं लागले. शिळा गेली, ब्लॉक गेला, आणि हळूहळू ब्लॉक करणाराही गेला. परंतु त्याचें काम गेलें काय? मुळींच नाहीं. तें चित्र काढणाराच्या टेबलावर येऊन पडलें, आणि पुष्कळदां तें तेथें पडलें आहे याची त्याला वार्ताही नसते. पडद्यावरचे रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन उजेडांचे असतात. कागदावरचे रंग आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांचे. पडद्यावरच्या कित्येक झगझगीत छटा शाईच्या आवाक्याबाहेर आहेत. चित्र छापावयाच्या आकारांत इंचास सुमारें ३०० बिंदूंचें नसेल तर तें धूसर दिसतें. कापणारें पातें जरासें सरकतेंच, म्हणून रंग कडेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो. आणि आपल्या देवनागरीचें दुखणें तर वेगळेंच. फाँट फाइलींत समाविष्ट केलेला नसला तर जोडाक्षरें मोडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. तें टाळावें म्हणून अनेकजण अक्षरांच्या नुसत्या आकृति करून पाठवितात. मग अक्षर बिघडत नाहीं, पण चूक सांपडली तर सुधारतांही येत नाहीं! अक्षर पुन्हां चित्र झालें. गणपत कृष्णाजींच्या शिळेवर तें जसें होतें, तसेंच.

यंत्रानें श्रम वांचविले हें खरें. परंतु वांचलेल्या श्रमाबरोबर त्या श्रमाची जाणीवही नाहींशी झाली, हें आम्हांस अधिक चिंतेचें वाटतें. चित्र काढावयास आम्ही मुलांना शिकवितों. तें कागदापर्यंत नीट कसें पोंचवावें, हें शिकवीत नाहीं, आणि फसलें म्हणजे ज्याच्या हातीं तें शेवटीं आलें त्याला दोष देतों.

दुसऱ्या वर्षीं आम्ही त्या विद्यार्थिनीस घेऊन, चित्र पुरें होण्यापूर्वींच, फोरमनकडे गेलों. प्रथम आदल्या वर्षींच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. त्यांनीं ती हंसण्यावारी नेली, खुर्च्या पुढें केल्या, आणि निळ्यांतून किरमिजी किती कमी करावा हें तिला नमुन्याचा कागद दाखवून समजाविलें. यंदा आकाश निळें आलें. पडद्यावर होतें तेवढें झगझगीत तें नव्हतें. परंतु तें पावसाचें होतें.