किल्ला, बस्ती आणि बागा : सीमेवरचे बेळगाव

नेसरी : गडहिंग्लज तालुक्याच्या या भागातील लोकांना मोठ्या शहराचे काम पडले, की कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळचे वाटते. लग्नाचा बस्ता असो वा दवाखाना, कोवाडमार्गे निघालेली गाडी तासाभरात राज्याची सीमा ओलांडून बेळगावात पोहोचते. तरीही 'बेळगाव पाहिले का?' असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर खडेबाजार आणि कुंदा याच्यापुढे जात नाही. हजार-बाराशे वर्षांच्या इतिहासाच्या खुणा बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर असताना हे घडते.

प्रवासापूर्वी या शहराची पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेले बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली; महाराष्ट्राने ती मानली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो दावा अद्याप निकाली निघालेला नाही. दरम्यान, कर्नाटकाने २०१२ मध्ये शहरालगत सुवर्ण विधानसौध उभारले आणि २०१४ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे 'बेळगावी' केले. 'वेणुग्राम', म्हणजे बांबूंचे गाव, हे त्याचे जुने नाव मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

पाहण्याची सुरुवात किल्ल्यापासून करावी. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या कोल्हापूरकराला हा भुईकोट प्रथमदर्शनी किल्लाच वाटत नाही. भोवती खंदक, दारात दुर्गादेवीचे मंदिर आणि आत लष्कराची कार्यालये व निवासस्थाने. त्यामुळे कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारून घेणे शहाणपणाचे.

तेराव्या शतकाच्या आरंभी येथे सौंदत्तीच्या रट्ट घराण्याची राजधानी होती. चौथा कार्तवीर्य या राजाचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेली कमल बस्ती हे किल्ल्यातील सर्वांत देखणे शिल्प. बस्ती म्हणजे जैन मंदिर. मंडपात उभे राहून मान वर करावी, तर छतातून पाकळ्यापाकळ्यांनी खाली उतरलेले दगडी कमळ दिसते. नावाचा उलगडा तिथेच होतो. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. घाई न करता अर्धा तास काढावा, अशी ही जागा आहे. शेजारची चिक्की बस्ती बरीच पडझडीला आलेली आहे. कन्नडमध्ये 'चिक्क' म्हणजे लहान. किल्ल्यातील बस्तीचे दोन शिलालेख इंग्रजी अमदानीत येथून हलविण्यात आले. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या शहरात एकेका फलकाच्या भाषेवरून रस्त्यावर माणसे उतरतात, तेथे या दोन दगडांची आठवण कोणी फारशी काढत नाही, हे थोडे नवलाचेच.

रट्टांनंतर यादव, विजयनगर, मग बहमनी. १४७३ मध्ये महमूद गवानने किल्ला जिंकला. पुढे आदिलशाहीत असदखान लारी याच्याकडे येथील कारभार आला. त्याच्या काळातील सफा मशीद याच किल्ल्यात असून तिच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले दिसतात. एकाच इमारतीत कन्नड आणि फारसी असे दोन्ही लेख असल्याने अभ्यासकांना ती महत्त्वाची वाटते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रोने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला आणि पेशवाईचा अंमल संपला. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून आलेले स्वामी विवेकानंद बेळगावात प्रथम भाटे यांच्या घरी आणि नंतर हरिपद मित्र यांच्या निवासस्थानी उतरले होते. किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे.

किल्ल्याबाहेर पडल्यावर समोर किल्ला तलाव. काठावरच्या फरसबंद वाटेवर सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची गर्दी असते. २०१८ मध्ये येथे ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारण्यात आला. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी कॅम्प भागातील मिलिटरी महादेवचे आवार चुकवू नये; लष्कराच्या देखरेखीमुळे तेथील स्वच्छता शहरातील इतर बागांनी धडा घ्यावा अशी आहे. शहापूरच्या बाजूला शिवाजी उद्यान आहे.

टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीचे महत्त्व निराळे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था पाहिली. आलेल्या प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खोदलेली ही विहीर, शेजारचे वीरसौध आणि काँग्रेस रोड हे नाव एवढ्या खुणा राहिल्या आहेत. शताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेस कार्यसमितीची बैठक बेळगावात झाली, मात्र डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनामुळे दुसऱ्या दिवशीची सभा पुढे ढकलून ती २१ जानेवारी २०२५ रोजी घेण्यात आली.

वडगाव-माधवपूर परिसरात आज घरे आणि गल्ल्याच दिसतात. १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन नगराचे अवशेष हाती आले. म्हणजे बेळगावची वस्ती रट्टांच्याही हजार वर्षे मागे जाते. पर्यटकाला दाखविण्याजोगे मात्र फारसे काही उरलेले नाही, ही खंत.

वादाच्या खुणाही या शहराच्या इतिहासाचाच भाग आहेत. हुतात्मा चौकातील स्मारक १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबाराची, तर हिंडलग्याचे स्मारक १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची आठवण देते. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर तर पुतळ्याच्या अनावरणावरूनच चढाओढ झाली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण २ मार्च २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी केले आणि तीनच दिवसांनी काँग्रेसच्या मंडळींनी पुन्हा सोहळा केला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. राजकारण बाजूला ठेवून पाहिल्यास गडावरून दिसणारा भातशेतीचा विस्तार मोठा मोहक आहे.

सहलीची तारीख ठरविताना दिनदर्शिका जरूर पाहावी. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असल्याने शहरात मोठा बंदोबस्त असतो. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौधात भरते, त्या काळात निवासासाठी खोली मिळणे कठीण. तणाव वाढला, की सर्वप्रथम एस.टी. थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बससेवेला असाच फटका बसला होता. तेव्हा निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी. शहरातले फलक मुख्यत्वे कन्नडमध्ये असले, तरी पत्ता मराठीत विचारण्यास संकोच नको. रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत बहुतेकांना दोन्ही भाषा येतात.

एक दिवस जास्त असल्यास खानापूर तालुक्यातील हलशी गाठावी. कदंबांच्या या जुन्या राजधानीतील भूवराह-नरसिंह मंदिर बाराव्या शतकातील आहे. परतीच्या वाटेवर कोवाडला रणजित देसाई यांचे गाव लागते आणि पुढे नेसरीत, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी बहलोलखानाच्या फौजेवर सहा स्वारांनिशी चालून गेलेल्या प्रतापराव गुजरांचे स्मारक. तेथे जाण्यास सूर्यास्तापूर्वीची वेळ सोयीची.